टीप लिहा : बालचित्रवाणी (५ गुण)



दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत साफसफाई काढली होती. जुनी रजिस्टरं, फुटक्या पाट्या, तुटलेला पृथ्वीचा गोल असं सगळं बाहेर निघालं. ऑफिसच्या कोपऱ्यात एक लाकडी खोकं होतं. त्याला पुढून दोन दारं आणि कुलूप. किल्ली कुणाकडे, हे कुणालाच माहीत नाही. शेवटी कडी उचकटली. आत जुना, जाडजूड पाठ असलेला रंगीत टीव्ही निघाला. वर धूळ होती, पण काचेवर एक ओरखडा नाही. म्हणजे तो फार वापरलाच गेला नव्हता.

चौथीची मुलं गोळा झाली. एकानं विचारलं, "मॅडम, यात काय लागायचं?"

मी म्हटलं, "शाळेचे कार्यक्रम लागायचे. बालचित्रवाणी."

"कितव्या नंबरला लागतं ते?"

"आता नाही लागत. बंद झालं."

यावर एक मुलगी पटकन म्हणाली, "रिचार्ज संपला का मॅडम?"

आम्ही सगळे हसलो. तिच्या दृष्टीनं टीव्ही बंद पडायचं एकच कारण असतं, ते म्हणजे रिचार्ज. घरी बाबांनी पैसे भरले की चित्र परत येतं. पण पैसे भरूनही परत येत नाहीत अशा काही वाहिन्या असतात, हे तिला कसं सांगणार? आणि ती बंद का झाली, असं तिनं पुढं विचारलं असतं, तर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

पाच गुणांसाठी पाठ केलेली बालचित्रवाणी

खरं सांगायचं तर बालचित्रवाणीशी माझी ओळख परीक्षेतून झाली. डीएडला असताना शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या भागात एक हमखास टीप यायची. 'टीप लिहा : बालचित्रवाणी'. पाच गुण. स्थापना, उद्दिष्टे, कार्यक्रमांचे स्वरूप, शिक्षकाची भूमिका, मर्यादा असे मुद्दे आम्ही पाठ केले होते. 'शिक्षकाची भूमिका' या मुद्द्यात मी लिहिलं होतं की शिक्षकाने कार्यक्रमापूर्वी मुलांची मानसिक तयारी करून घ्यावी, कार्यक्रमानंतर चर्चा घ्यावी व पूरक उपक्रम द्यावा. मला पाचपैकी चार गुण मिळाले असतील. पण तोपर्यंत मी बालचित्रवाणीचा एकही कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

लहानपणी माझ्या शाळेतही टीव्ही होता. तोही खोक्यात. वर्षातून एक-दोनदा गुरुजी तो बाहेर काढायचे. आम्ही सगळे वर्ग एकत्र, सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचो. एक मुलगा कौलावर जाऊन ॲन्टेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "थोडं अजून, आलं आलं, गेलं!" बाहुल्यांचा एक कार्यक्रम अर्धा पाहिलेला आठवतो. मग लाईट गेली. ती संध्याकाळीच आली.

माझ्या वयाच्या बऱ्याच शिक्षकांची आठवण अशीच असेल. आणि आजच्या लेखाचा मुद्दा याच आठवणीत आहे. बालचित्रवाणी सरकारनं बंद केली हे खरंच आहे, पण आपल्या खोक्यातला टीव्ही त्याच्या कितीतरी आधी बंद होता.

नाव बदलणं वेगळं, बंद पडणं वेगळं

वाहिन्या बंद पडणं ही काही नवी गोष्ट नाही. पण 'बंद पडली' असं आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो.

पहिली गोष्ट म्हणजे नाव बदलणं. अल्फा मराठीची झी मराठी झाली. स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा झालं. ईटीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. पाटी बदलली, मालक बदलले, मालिका बदलल्या, पण घरात तीच जागा, तीच वेळ आणि तीच जाहिरातींची गर्दी राहिली. हे म्हणजे शाळेवर नवीन मुख्याध्यापक येण्यासारखं. शाळा तिथेच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे खरंच बंद होणं. दूरदर्शनचं मेट्रो चॅनेल कितीतरी जणांना आठवत असेल. शहरातल्या लोकांसाठी करमणुकीचं दुसरं चॅनेल म्हणून ते आलं आणि खाजगी वाहिन्यांच्या गर्दीत मागं पडलं. ३ नोव्हेंबर २००३ रोजी त्याच्या जागी डीडी न्यूज सुरू झालं आणि मेट्रो संपलं. थोडे दिवस लोक हळहळले, मग विसरले. करमणुकीसाठी दुसरी पन्नास चॅनेलं होतीच.

खाजगी वाहिनीचं गणित सरळ असतं. प्रेक्षक असले की जाहिरात येते, जाहिरात आली की वाहिनी चालते. ते गणित जमलं नाही की वाहिनी बंद. यात कुणी फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दुकानच ते.

पण मुलांना शिकवण्यासाठी जे प्रक्षेपण असतं, ते जाहिरातीवर चालत नाही. ते चालतं कुणाला तरी ते हवं असतं म्हणून. शिक्षकांना हवं असेल, पालकांना हवं असेल, तर ते टिकतं. कुणीच मागितलं नाही तर ते निमूटपणे बंद होतं आणि बंद झाल्याचं कळतही नाही. बालचित्रवाणीचं तसंच झालं.

आधी गावात टीव्ही आला, मग गेला

शिक्षणासाठी आलेलं प्रक्षेपण बंद होण्याचा अनुभव आपल्या देशाला त्याच्याही आधी येऊन गेलेला आहे. तो थोडक्यात सांगते, कारण डीएडच्या टिपेत हा भाग नव्हता.

भारतात टीव्ही सुरू झाला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, दिल्लीच्या शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. म्हणजे आपल्याकडे टीव्ही हा सुरुवातीपासून शाळेचं साधन म्हणूनही पाहिला गेला. मालिका आणि क्रिकेट नंतर आलं.

मग १ ऑगस्ट १९७५ ला 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एक उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरायला मिळाला होता. इस्रोनं त्याच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही ती राज्यं. महाराष्ट्र त्यात नव्हता. सकाळी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असत आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही त्यातून दिलं गेलं. ज्या गावात वीज नव्हती तिथं बॅटरीवर टीव्ही चालवला. विचार करा, पन्नास वर्षांपूर्वी हे जमलं होतं!

३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं. उपग्रह ज्यांचा होता त्यांच्याकडे परत गेला. काही भागात नंतर जमिनीवरची केंद्रं उभी करून प्रक्षेपण चालू ठेवलं गेलं, पण बाकीच्या गावांतले पडदे काळे झाले. वर्षभर रोज सकाळी शाळेत टीव्ही पाहणाऱ्या मुलांना त्यांच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी काय सांगितलं असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज नावाच्या गावी एक छोटं प्रक्षेपण केंद्र होतं. तिथून गावकऱ्यांचेच प्रश्न, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच माणसांना घेऊन दाखवले जात. या कामाला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि १९८५ मध्ये ते केंद्र तिथून हलवायचं ठरलं. पण तिथं एक वेगळी गोष्ट घडली. गावकऱ्यांनी विरोध केला. केंद्र वाचलं नाही, पण 'हे आमचं आहे, नेऊ नका' असं म्हणणारे लोक तिथं होते.

बालचित्रवाणीच्या वेळी असं म्हणणारे आपल्यात किती होते?

पुण्यातली संस्था आणि आपलं कुलूप

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८३ मध्ये भारताचा स्वतःचा इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि शाळांसाठी कार्यक्रम करायला राज्याराज्यांत संस्था उभ्या करायचं ठरलं. अशा सहा राज्यांत महाराष्ट्र होता. १९८४ मध्ये पुण्यात, बालभारतीच्या शेजारी, 'बालचित्रवाणी' उभी राहिली.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पालकांचा गोंधळ होतो. बालचित्रवाणी ही स्वतंत्र वाहिनी नव्हती. ती कार्यक्रम तयार करणारी संस्था होती. तिचा स्वतःचा स्टुडिओ होता, लेखक, कॅमेरामन, संकलक, तंत्रज्ञ होते. कार्यक्रम दूरदर्शनवरून दाखवले जायचे. ५ ते ८ आणि ९ ते ११ अशा दोन वयोगटांचा विचार करून ते बनवले जात. गोष्टी, गाणी, बाहुल्या, विज्ञानाचे प्रयोग, परिसराची ओळख, सगळं मराठीतून. आपल्या मुलांना कळेल असं मराठी, आपल्याच गावांसारखी गावं, आपल्यासारखीच शाळा.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्याची योजना आली. आमच्या खोक्यातला टीव्ही बहुधा त्यातलाच असावा.

म्हणजे बघा, संस्था होती, कार्यक्रम होते, प्रक्षेपण होतं आणि शाळेत टीव्हीही होता. मग अडलं कुठं?

बऱ्याच ठिकाणी अडलं. शाळेत वीज नव्हती किंवा असली तरी लोडशेडिंगनं मारलं. कुठं बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना कार्यक्रमाची वेळ साधणार कशी? कार्यक्रम लागायचा पावसावरचा आणि वर्गात चालू असायचा भागाकार. टीव्ही बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, आणि चोरीला गेला तर? या दुसऱ्या भीतीनंच तो कुलपात गेला. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होती आणि तपासणीला आलेले साहेब ती नोंद बघून सही करत. टीव्ही लावला का, असं कुणी विचारायचं नाही.

या अडचणी खऱ्या होत्या. त्या काळातल्या गुरुजींना मी दोष देत नाही, त्यांनी त्यापेक्षा कठीण परिस्थितीत शाळा चालवल्या. पण एक गोष्ट मात्र आपण केली नाही. 'वेळ बदला, कॅसेट द्या, वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला पाठवा, आमच्या अभ्यासक्रमाच्या क्रमानं दाखवा' अशी मागणी आपण शिक्षकांनी लावून धरली नाही. बदल्या, वेतन, अशैक्षणिक कामं यासाठी आपण मोर्चे काढले आणि ते योग्यच होतं. शाळेच्या टीव्हीसाठी निघालेला एकही मोर्चा मला आठवत नाही.

पुढं केंद्राचं अनुदान थांबलं, तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, यंत्रं जुनी झाली. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली. त्या वेळी मी नोकरीत होते. बातमी वाचली, 'अरेरे' म्हटलं आणि पान उलटलं. मी पाच गुणांसाठी जिची टीप लिहिली होती, ती संस्था बंद झाली आणि त्याचा माझ्या वर्गावर काडीचाही परिणाम झाला नाही. मला वाईट वाटलं ते याचं, पण तेही पुष्कळ नंतर.

तीन वर्षांनी गरज पडली

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं आपण सगळेच म्हणत होतो. व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवत होतो. माझ्या वर्गाच्या ग्रुपवर पालकांपैकी निम्मेही नव्हते. जे होते त्यांचा फोन वडिलांबरोबर कामावर जायचा आणि रात्री घरी यायचा. तोवर मूल झोपलेलं.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, पाठ्यपुस्तकाला धरून, ठरलेल्या वेळी. आम्ही वस्तीवर जाऊन वेळापत्रक चिकटवलं. किराणा दुकानात, देवळाच्या भिंतीवर, दूध डेअरीवर.

माझ्या वर्गात तेव्हा तिसरीला एक मुलगी होती. घरात फोन नव्हता. आजीच्या घरी टीव्ही होता, त्याला छत्री होती आणि महिन्याचे पैसे भरावे लागत नव्हते. ती रोज शेजारच्या दोघांना घेऊन आजीकडे जाऊन बसायची. शाळा उघडल्यावर मी विचारलं, घरी काय काय केलं, तर तिनं कागदाच्या पट्ट्यांनी अपूर्णांक करून दाखवले. मी शिकवलं नव्हतं. मोबाईलवरही आलं नव्हतं. टीव्हीवरच्या ताईंनी दाखवलं, असं ती म्हणाली.

त्याच वर्गातल्या एका मुलाच्या घरी टीव्ही होता, पण पैसे न भरल्यामुळे सगळं बंद होतं. तो दीड वर्षानं आला तेव्हा त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. लॉकडाऊनच्या आधी तो बऱ्यापैकी वाचायचा. ती मुलगी हुशार आणि हा मुलगा कमी, असं मुळीच नव्हतं. एकाच्या घरी चित्र दिसत होतं आणि एकाच्या घरी नव्हतं, एवढाच फरक होता. त्याला परत वाचतं करायला मला पूर्ण वर्ष लागलं.

त्या वर्षी मला बालचित्रवाणी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं आठवली. ज्या राज्याकडे मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करणारी तेहतीस वर्षं जुनी संस्था होती, त्या राज्यानं ती बंद केली आणि तीनच वर्षांत नेमकी तीच गोष्ट घाईघाईनं नव्यानं उभी करावी लागली. टिलीमिली करणाऱ्यांनी ती चांगली केली, त्यांचे आभारच. पण मुलांसाठी टीव्हीवर कसं बोलायचं, बाहुलीकडून भूमिती कशी शिकवायची, वीस मिनिटांत किती सांगायचं आणि काय सोडायचं, हे शिकायला वर्षं जातात. संस्था बंद होते तेव्हा इमारत राहते. ही जाणती माणसं मात्र पांगतात, आणि ती पुन्हा एका जागी गोळा करणं फार अवघड असतं.

'मोबाईलवर सगळं आहे की!'

यावर मला नेहमी उत्तर मिळतं, "मॅडम, आता टीव्ही कोण बघतो? यूट्यूबवर सगळं आहे. पुस्तकातच क्यूआर कोड आहे. स्कॅन केला की व्हिडिओ."

हे खरं आहे आणि मीही ते वापरते. हवा तो धडा, हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा दाखवता येतो. बालचित्रवाणीच्या काळात ही सोय नव्हती, आणि ती असती तर आमचा खोक्यातला टीव्ही कदाचित चालला असता. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही.

पण तीन गोष्टींचा विचार करा.

पहिली म्हणजे वेळ. टीव्हीवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि ठरलेल्या वेळी संपतो. यूट्यूबवरचा व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. भागाकार बघायला बसलेलं मूल वीस मिनिटांनी कुठं पोचलेलं असतं, हे घरोघरच्या आयांना विचारा. मुलाला 'संपलं, आता उठ' हे सांगणारं यंत्र आपण घालवलं आणि 'अजून एक बघ' म्हणणारं यंत्र हातात दिलं.

दुसरी म्हणजे सोबत. टीव्ही चारजण मिळून बघतात. आजी मध्येच प्रश्न विचारते, धाकटा भाऊ उत्तर देतो. मोबाईल एकट्याचा असतो. त्या मुलीनं शेजारच्या दोघांना बरोबर नेलं, ते टीव्ही होता म्हणून. फोनवर तिघं बसली असती तर पहिली पाच मिनिटं फोन कुणी धरायचा यावरून भांडण झालं असतं.

तिसरी म्हणजे भाषा. माझ्या पहिलीतली मुलं खेळताना हिंदीत भांडतात. "मॅडम, देखो ना, ये मेरेको मारता है." घरात कुणी हिंदी बोलत नाही. हे कार्टूनमधून आलेलं. हिंदी येणं वाईट नाही, उलट चांगलंच. पण खेळाची आणि गमतीची भाषा हिंदी, आणि अभ्यासाची, रागावण्याची भाषा मराठी, अशी वाटणी पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात झाली तर मराठीच्या तासाला ते कंटाळणारच. मराठीतून गंमत दाखवणारा पडदा आपण रिकामा ठेवला, तेव्हा तो रिकामा राहिला नाही. दुसरं कुणीतरी येऊन बसलं.

आणि फुकट दिसणं हाही मुद्दा आहेच. पूर्वी कौलावर ॲन्टेना लावला की दूरदर्शन दिसायचं, पैसे लागत नव्हते. जमिनीवरची ती जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली. त्यामुळे नुसता ॲन्टेना आता उपयोगाचा नाही. फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडून त्याचे पैसे भरायची पद्धत आली आणि कितीतरी घरांतून कितीतरी चॅनेलं गेली. डीडी फ्री डिशची छत्री मात्र आहे. एकदा बॉक्स घेतला की महिन्याचा खर्च नाही. हे अजूनही बऱ्याच पालकांना माहीत नाही.

आता जे चालू आहे त्याचं काय?

माझा खरा मुद्दा इथं आहे. बालचित्रवाणी परत आणा, अशी मागणी करण्यासाठी मी हे लिहिलं नाही. आजही मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्या चालू आहेत. २०२० मध्ये पीएम ई-विद्या आली, 'एक इयत्ता, एक वाहिनी' अशा १२ वाहिन्या. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० करण्याची घोषणा झाली, राज्यांच्या भाषांतून शिकवता यावं म्हणून. या वाहिन्या फ्री डिशवर दिसतात, म्हणजे फुकट.

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी सहज विचारलं, "यातली एखादी वाहिनी कुणी मुलांबरोबर बसून पाहिली आहे का?" दोन हात वर आले. त्यातला एक अर्धाच वर होता. माझाही हात खालीच होता, हे कबूल करते.

म्हणजे पुन्हा तेच चाललं आहे. वाहिनी आहे, बघणारं कुणी नाही, मागणारं कुणी नाही. उद्या त्या चालवायला पैसे कमी पडले की कुणीतरी विचारेल, हे कोण बघतं? आपण गप्प बसू. मग त्यांच्याही टिपा डीएडची मुलं पाच गुणांसाठी पाठ करतील.

असं होऊ नये म्हणून मी माझ्यापुरत्या चार गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर तुम्हीही करून बघा.

१. आठवड्यातून एक तास टीव्हीचा. वेळापत्रकात लिहूनच टाकायचा. शाळेत स्मार्ट टीव्ही असेल तर त्यावर, नसेल तर वस्तीवर कुणाच्या तरी घरी, त्यांना विचारून. आधी पाच मिनिटं गप्पा, नंतर दहा मिनिटं गप्पा. डीएडच्या टिपेत लिहिलं होतं तेच, पण आता खरोखर.

२. पालक सभेत फ्री डिशची माहिती. कुणाच्या घरी काय दिसतं, कुणाकडे काहीच दिसत नाही, याची साधी यादी करायची. ही यादी मार्च २०२० मध्ये माझ्याकडे नव्हती. असती तर तो मुलगा मला दीड वर्ष आधी सापडला असता.

३. बघून झाल्यावर लिहून कळवायचं. काय आवडलं, भाषा कुठं जड गेली, वेळ कुठं चुकली. केंद्रप्रमुखांमार्फत, डायटमार्फत, जसं जमेल तसं. तक्रार आली तरी निदान कुणीतरी बघतंय, हे वर कळतं.

४. मुलांना आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला लावायची. 'तुमच्या लहानपणी गावात टीव्ही कुणाकडे होता? काय लागायचं? त्यातलं आता काय लागत नाही?' आमच्या चौथीनं हे केलं. एका आजोबांनी सांगितलं की 'आमची माती आमची माणसं' लागलं की सगळा पार सरपंचाच्या ओट्यावर जमायचा. पोरांना हे खरंच वाटेना, की अख्खं गाव एक टीव्ही बघायचं. परिसर अभ्यासाचा यापेक्षा चांगला पाठ मला तयार करता आला नसता.

पालकांना एक वेगळी विनंती आहे. संध्याकाळी मुलाच्या हातात फोन देऊन स्वयंपाकाला लागणं मला कळतं, माझ्याही घरी दोन मुलं आहेत. पण दिवसातला अर्धा तास फोन बाजूला ठेवून टीव्हीवर मुलांचं काहीतरी लावा आणि भाजी निवडत का होईना, त्यांच्याजवळ बसा. मध्येच एखादा प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल.

आमचा तो जुना टीव्ही आता चालू होणार नाही. मेकॅनिकनं बघून सांगितलं, "मॅडम, भंगारात घाला." नियमाप्रमाणे निर्लेखन होईल, नोंदवहीतून नाव जाईल. तोवर मुलांनी खोक्याची दारं काढून त्याची पुस्तकपेटी केली आहे. कुलूप मी ठेवून घेतलं आहे, माझ्या टेबलाच्या खणात. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर धूळ दिसली की ते बघायचं, असं ठरवलंय.

आणि त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, "रिचार्ज नव्हता संपला गं. आम्हीच लावत नव्हतो."

ती म्हणाली, "मग आता लावा ना."